शिबिरातली पुतणी

माझी चुलत बहीण माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. घाटकोपरच्या टेकडीवर एकाच चाळीत, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. एका खोलीत आई, बाबा आणि मी. दुसरीत काकू आणि ती. काका सैन्यात हवालदार होते आणि बहुतेक वेळा कुटुंबाला नेता येणार नाही अशाच ठिकाणी त्यांची नेमणूक असायची. वर्षातून एकदा रजेवर यायचे. माझे बाबा साकीनाक्याला एका गाळ्यात लेथवर धातूचे भाग कातायचे. सकाळी आठला निघायचे, संध्याकाळी सातला घरी.

मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, पोटात दुखावं तसा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते त्यातूनच केलं.

शाळेत आम्ही एकाच वर्गात. सव्वीस जानेवारीला बाई तिला पुढे बोलवायच्या. ही जवानाची मुलगी, म्हणून झेंड्याजवळ उभी करायच्या. मी तिच्या मागे तिसऱ्या रांगेत. आमचं आडनाव एकच, त्यामुळे एखाद्या नवीन बाई विचारायच्या, "तुझे वडील पण आर्मीत का गं?" मी नाही म्हणायचे. बाई "अच्छा" म्हणून पुढे जायच्या. त्या "अच्छा"चा मला फार राग यायचा.

खरा जाच मे महिन्यात. जवानांच्या मुलांसाठी दरवर्षी शिबिर असायचं, कधी नाशिककडे, कधी पुण्याच्या पलीकडे डोंगरात. दहा दिवस तंबूत राहायचं, दोराला धरून कडा उतरायचा, एअरगनने फुगे फोडायचे. सहावीपासून ती जायला लागली. काळवंडून, बारीक होऊन परत यायची आणि पुढचे आठ दिवस वेगळीच भाषा बोलायची. "जेवायला या" म्हटलं की "फॉल-इन झालं का?" विचारायची, म्हणजे रांग लागली का. चाळीतल्या बायका गॅलरीत तिच्याभोवती जमायच्या आणि ती कड्याची गोष्ट सांगायची. मी पाणी भरता भरता ऐकायचे.

आई म्हणायची, "बघ, ती उठल्याउठल्या स्वतःची चादर घडी करते. नाहीतर तू."

एकदा ती आंघोळीला गेली असताना मी तिची शिबिरातली हिरवी टोपी घातली आणि काकूंच्या कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. सलामही करून बघितला. तेवढ्यात ती बाहेर आली. मला वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, "घे तुला. माझ्याकडे दोन आहेत." मी टोपी पलंगावर टाकली आणि आमच्या खोलीत निघून आले. भांडली असती तर बरं झालं असतं.

माझ्याकडे तिच्याकडे नसलेलं असं एकच होतं, आणि त्याची मला तेव्हा किंमत नव्हती. बाबा गाळ्यात उरलेल्या पितळी सळीच्या तुकड्यांतून भोवरे करायचे. मुठीत मावणारे, वजनदार, गुळगुळीत. जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटांत एक व्हायचा. केला की दोन करायचे, एक मला, एक तिला. ती त्यांना 'मोठे बाबा' म्हणायची. रोज संध्याकाळी वही घेऊन आमच्याकडे यायची, बाबा दोघींची गणितं तपासायचे. मी चुका केल्या की कबूल करायचे नाही, वर बाबांनाच हुकूम सोडायचे, म्हणून ते मला 'मुकादम' म्हणायचे. "मुकादम, हातचा विसरलात." असं.

आठवीची परीक्षा झाली त्या वर्षी शिबिर मुंबईतच ठरलं. मुलुंडला एका शाळेच्या मैदानावर, सात दिवस, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत. निवृत्त सैनिक आणि काही अधिकाऱ्यांच्या बायका मिळून ते चालवणार होते. जागा शिल्लक होत्या, म्हणून फॉर्मवर लिहिलं होतं की घरातलं आणखी एक मूल आणता येईल. काकूंनी मला न विचारताच माझं नाव घातलं.

"तुला जायचं असतं ना दरवर्षी," त्या म्हणाल्या. "मला काय दिसत नाही?"

फॉर्मवर एक रकाना होता, जवानाशी नातं. माझ्या बहिणीच्या फॉर्मवर 'मुलगी' होतं. माझ्या फॉर्मवर काकूंनी सुवाच्य अक्षरात 'पुतणी' लिहिलं. तो शब्द मी तोपर्यंत कधी स्वतःसाठी वापरलेला नव्हता. कुणाच्या तरी मागून आत शिरल्यासारखा वाटला.

पहिल्या दिवशी सकाळी आम्हाला मैदानात रांगेत उभं केलं. शिबिराचे प्रमुख एक निवृत्त सुभेदार होते, पांढऱ्या मिशांचे. आम्ही त्यांना साहेब म्हणायचं होतं. त्यांनी प्रत्येकाला नाव आणि वडिलांचं पोस्टिंग सांगायला लावलं. मुलं सांगत गेली. राजस्थान, आसाम, काश्मीर, बबिना. माझ्या बहिणीने काकांची जागा सांगितली. मग माझी पाळी. पुतणी हा शब्द तोंडातून निघेना. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, "साकीनाका."

"साकीनाक्याला कुठलं युनिट आहे?" साहेबांनी खरंच विचारलं.

"लेथ मशीनचं," मी म्हटलं.

रांग हसली. माझी बहीणही हसली, हे मी बघितलं. साहेब हसले नाहीत. "ठीक. नेक्स्ट," म्हणाले. पण मला ते हसू दिवसभर ऐकू येत राहिलं.

आम्हाला दोन वेगळ्या गटांत टाकलं, ती निळ्या, मी पिवळ्या. पहिले दोन दिवस मी कुणाशी फारसं बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दोरावर चढायचं होतं. शाळेच्या गच्चीवरून जाड दोर सोडला होता, मध्ये गाठी मारल्या होत्या. टेकडीच्या दीडशे पायऱ्या मी हंडा-कळशी घेऊन रोज चढायचे, हातांत जोर होता. मी सरसर वर गेले. दोन्ही गटांत पहिली आले. माझी बहीण चौथी. साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "शाब्बास साकीनाका." तेव्हापासून शिबिरात माझं नाव तेच पडलं, आणि आता मला ते आवडायला लागलं होतं. त्या दिवशी बसमध्ये घरी येताना मी तिच्याशी फार गोड वागले. जिंकल्यावर गोड वागणं सोपं असतं.

चौथ्या दिवशी डबा खाताना माझ्या गटातली एक मुलगी शेजारी येऊन बसली. गोवंडीहून यायची, तिचे वडील सैन्यात ड्रायव्हर होते. ती म्हणाली, "तुझ्या बहिणीचे पप्पा भारी आहेत यार. ते भोवरे बनवतात ना?"

मला वाटलं, तिची काहीतरी गल्लत होतेय. "कोण?"

"तिचे पप्पा. पितळेचे भोवरे. तिने आणलाय एक, सगळ्यांना दाखवला. सुट्टीवर आले की बनवतात म्हणे. आणि रोज तिची गणितं तपासतात, रविवारी साकीनाक्याला वडापाव खायला नेतात. आमचे पप्पा तर सुट्टीवर आले की नुसते झोपतात."

मी पोळीचा घास हातात धरून बसले. ती पुढे म्हणाली, "आणि तिला काय म्हणतात माहितीये? मुकादम. किती क्यूट ना?"

रविवारचा वडापाव ठीक होता, तो तिलाही मिळायचा. भोवराही ठीक, तिच्याकडे होता. पण 'मुकादम' माझं होतं. बाबांनी तिला कधीच त्या नावाने हाक मारली नव्हती. तिने फक्त एक शब्द गाळला होता, 'मोठे', आणि माझे बाबा अख्खेच्या अख्खे उचलले होते. झेंड्याजवळची जागा तिची, शिबिरं तिची, टोप्या दोन दोन तिच्या, आणि आता हेही. एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. त्या संध्याकाळी मी तिला काहीच बोलले नाही. बसमध्ये तिने विचारलं, "डोकं दुखतंय का तुझं?" मी हो म्हटलं.

पाचव्या दिवशी दुपारी शाळेच्या एका वर्गात आम्हा सगळ्या मुलींना बसवलं. भिंतीवर मोठा पडदा होता. ज्यांच्या वडिलांना फोन लागत होता त्यांच्याशी एकेक करून व्हिडिओ कॉल होणार होता, प्रत्येकीला तीन मिनिटं. शिबिर चालवणाऱ्या मॅडम फोन जोडून देत होत्या. काही वडील लागले, काही लागले नाहीत. ज्यांचे लागले नाहीत त्या मुलींनी "काय नाय, नंतर बोलू" असं म्हणून दाखवलं. गोवंडीच्या मुलीचे वडील लागले, ते ट्रकशेजारी उभे होते आणि लाजून काही बोलेचनात.

मग काका पडद्यावर आले. डोक्यावर लोकरीची टोपी, मागे पत्र्याची भिंत. ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा.

"कशी आहेस बाळा?"

"बरी आहे बाबा."

"सातवीचा रिझल्ट लागला ना? कसा लागला?"

ती आठवी पास झाली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "लागला बाबा. चांगला लागला." चूक सुधारली नाही. सगळ्या मुली ऐकत होत्या.

तिथेच मी थांबायला हवं होतं. मला तेव्हाही कळलं होतं की आत्ता तिच्याकडे काय नाहीये. तरी मी उठून उभी राहिले.

"काका, मी पण आहे इथे."

"अरे वा. तू पण आलीस?"

"हो. काका, इथे सगळ्यांना तुमच्या भोवऱ्यांबद्दल ऐकायचंय. लेथवर कसे करता ते सांगा ना."

आवाज तिकडे पोचायला दोन क्षण लागले. काका गोंधळले. "कसला भोवरा? ते दादा करतो ना, तुझे बाबा. मला कुठे येतं लेथवर काय?" ते हसले, आणि हसता हसता पडद्यावरच अडकले. नेटवर्क गेलं. अर्धवट उघडलेल्या तोंडाचा काकांचा चेहरा भिंतीवर तसाच राहिला. मॅडमनी फोन बंद केला आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

वर्गात कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. निळ्या गटातल्या एका मुलीने हळूच तिला विचारलं, "मग मुकादम कोण?"

माझ्या बहिणीने माझ्याकडे बोट केलं. "ती," म्हणाली.

उरलेले दोन दिवस ती शिबिराला आली, सगळं केलं, पण निळ्या गटात एकटीच बसायची. माझ्याशी भांडली नाही. काकूंनाही काही सांगितलं नाही. बसमध्ये मी खिडकीशी आणि ती मधल्या पॅसेजच्या बाजूला, आमच्यामध्ये आमच्या दोघींच्या बॅगा. शेवटच्या दिवशी मला दोर चढण्याचं पदक मिळालं. ते हातात घेऊन मी टेकडी चढले, पण चाळीत कुणाला दाखवावंसं वाटलं नाही.

त्यानंतर ती संध्याकाळी वही घेऊन आमच्याकडे येईनाशी झाली. चार दिवस गेल्यावर बाबांनी विचारलं, "मुकादम, काय झालंय तुमच्यात?"

मी सगळं सांगितलं. तक्रार म्हणूनच सांगितलं. ती शिबिरात काय काय बोलली, तुम्हाला तिचे बाबा म्हणाली, माझं नावसुद्धा स्वतःला लावलं. फोनवर मी काय केलं तेही सांगितलं, पण भरभर. मला वाटलं, बाबा माझी बाजू घेतील.

बाबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते मला अजून टोचतं. त्यांना बरं वाटलं होतं. लपवत होते, पण बरं वाटलं होतं. एका पोरीने पन्नास पोरांमध्ये आपल्याला बाप म्हणून मिरवलं, याचं.

"यात तुझं काय कमी झालं?" त्यांनी विचारलं.

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "रागावलो नाही मी. पण फोनवर तू जे केलंस ते बरं नाही झालं. तिच्या बापासमोर केलंस. त्याला काय वाटलं असेल?"

काकांना काय वाटलं असेल हा विचार मी केलाच नव्हता. माझ्या भांडणात काका कुठेच नव्हते.

दीड महिन्याने काका रजेवर आले. नेहमी ते आल्यावर पहिले दोन दिवस झोपायचे, मग गावी जायची तयारी. या वेळी तिसऱ्या दिवशी सकाळी आठला ते बाबांबरोबर निघाले. कुठे चाललात, असं आईने विचारलं, तर म्हणाले, "गाळ्यावर. दादाकडे जरा काम आहे."

चौथ्याही दिवशी गेले. शनिवारी माझी सकाळची शाळा होती, दुपारी मी बाबांचा डबा घेऊन साकीनाक्याला गेले. गाळ्यात शिरले तर काका बनियनवर, डोळ्यांना चष्मा लावून लेथसमोर उभे. बाबा त्यांच्या मागे. मालकाला सांगून बाबांनी जेवणाच्या सुट्टीतली मशीन मागून घेतली होती.

"अरे, एवढा जोर लावू नकोस," बाबा म्हणत होते. "बंदूक नाहीये ती. हलका हात ठेव."

"हलकाच आहे रे."

कर्र असा आवाज झाला आणि लेथच्या हत्याराचं टोक तुटून उडालं. काकांनी मशीन बंद केली, चष्मा कपाळावर चढवला आणि मला बघितलं. त्यांचं तोंड घामाने भिजलं होतं. पायाशी पितळेचे तीन-चार वाकडे तुकडे पडलेले. मी डबा ठेवला. मला वाटलं, ते आता मला काहीतरी विचारतील. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "तुझ्या बापाच्या हातात जादू आहे गं. आम्हाला नाही जमत." आणि नवीन सळी घ्यायला वाकले.

आठ दिवस ते जात होते. शेवटी एक भोवरा झाला. त्याचं पोट एका बाजूला जास्त होतं आणि मान जाड. त्यांनी तो माझ्या बहिणीला दिला. गॅलरीत तिने तो फिरवला. दोन गिरक्या घेऊन लटपटला आणि आडवा झाला. तिने परत फिरवला. परत आडवा. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला तोच आवाज ऐकू येत होता, पितळ फरशीवर पडण्याचा. काका चाळीतल्या लोकांना सांगत होते, "पोरगी नववीत आहे आता. नववीत." ज्याला त्याला सांगत होते, कुणी विचारलेलं नसलं तरी.

माझा हेवा तिथे संपला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. तो संपला नाही. माझ्या बाबांना भोवरा पंधरा मिनिटांत जमायचा, त्यासाठी त्यांना काही सोडावं लागत नव्हतं. तिच्यासाठी एक माणूस इतक्या लांबून आला आणि रजेचे आठ दिवस पितळ खराब करत उभा राहिला. भिंतीला टेकून मी तो आवाज ऐकत होते आणि मला पुन्हा वाटत होतं, जास्त तिलाच मिळालं.

आम्ही बोलायला लागलो ते हळूहळू, दहावीच्या अभ्यासात. त्या दुपारचा विषय कुणी काढला नाही. काका निवृत्त झाले, बोरिवलीला एका सोसायटीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागले आणि ते सगळे तिकडे राहायला गेले. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मी शाळेत शिकवते.

दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं. खरेदीला ती घाटकोपरला आली होती. साड्या घेऊन झाल्यावर आम्ही स्टेशनबाहेर सँडविच खात उभ्या होतो, डोक्यावरून मेट्रो जात होती. मी मनाची तयारी करून आले होते. म्हटलं, "त्या शिबिरात मी फोनवर जे केलं ना, त्याचं मला फार वाईट वाटतं."

ती चावत राहिली. मग म्हणाली, "वाटायलाच पाहिजे."

"अजून राग आहे?"

"आहे ना. सात दिवसांचं शिबिर होतं गं. पाच झाले होते. दोनच दिवस राहिले होते. तेवढे दोन दिवस मोठे बाबा माझे असते, तर तुझं काय गेलं असतं?"

मी खोटं बोलू शकले असते. काही नाही गेलं असतं, असं म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण इतक्या वर्षांनी तिच्यासमोर खोटं बोलवेना.

"खूप गेलं असतं," मी म्हटलं. "तेव्हा मला तसंच वाटलं. तुझ्याकडे सगळं होतं, आणि माझ्याकडे तेवढंच."

तिने माझ्याकडे बघितलं. "माझ्याकडे काय होतं गं सगळं?"

"शिबिरं. टोप्या. झेंडा."

"वेडी आहेस का," ती म्हणाली. "शिबिराला पहिल्या वर्षी मी चार दिवस रडत होते. रात्री तंबूत मिट्ट काळोख, आणि आई नाही. तुला कड्याची गोष्ट सांगायचे ना, ती पण अर्धी खोटी. मी कडा उतरलेच नव्हते त्या वर्षी."

मला हसू आलं, मग तिलाही आलं. पण तिने माफ केलं असं काही म्हटलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. तिने कागदाने हात पुसले, साड्यांच्या पिशव्या उचलल्या, त्यातली जड पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "चल, मॅचिंगचे ब्लाउज राहिलेत अजून. दुकान बंद होईल."